एआय मदतनिसाची अवजारे आणि त्यांची वर्णने

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



मागील अंकात आपण खोडव्यातील पाचट व्यवस्थापन व हुमणीचा बंदोबस्त याविषयी माहिती घेतली. या अंकातील विषय शेतातला नाही, कचेरीतला आहे. पण तो आपल्या उसाच्या नोंदीशी, तोडीशी आणि बिलाशी निगडित असल्याने प्रत्येक सभासदाने समजून घ्यावा असे वाटते. गेल्या हंगामापासून आपल्या कारखान्याने फोनवर प्रश्नांची उत्तरे देणारा एआय मदतनीस सुरू केला. "माझी तोड कधी?", "नोंद लागली का?", "गेल्या पंधरवड्याचे बिल किती?" असे प्रश्न आपण त्याला विचारता आणि तो उत्तर देतो. गट कार्यालयात आल्यावर पुष्कळ जण मला विचारतात, "साहेब, त्यो सांगतोय ते खरं धरायचं का?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तो माहिती कुठून आणतो आणि आणताना कुठे चुकतो, हे पाहिले तरच ते कळेल.

अगोदर एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहावा लागला.

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या एका गटातील एका सभासद भगिनी कार्यालयात आल्या. त्यांच्या यजमानांनी जुलै २०२४ मध्ये ३० गुंठे आडसाली लागण केली होती व ऑगस्टमध्ये रीतसर नोंद दिली होती. पुढे यजमान वारले. जून २०२५ मध्ये शेअर्स वारस म्हणून त्यांच्या नावावर झाले आणि त्यांना नवीन सभासद क्रमांक मिळाला. हंगाम सुरू झाल्यावर त्यांच्या मुलाने हा नवीन क्रमांक देऊन फोनवर मदतनिसाला विचारले, "आमच्या उसाची तोड कधी येणार?" मदतनिसाने नम्रपणे उत्तर दिले, "या हंगामात आपल्या नावावर उसाची नोंद नाही." आडसाली ऊस, सतरा महिने झालेले, पाण्याची ओढ, त्यात नोंद नाही म्हटल्यावर घरातली माणसे घाबरली. मिळेल त्या दराला ऊस गुऱ्हाळाला घालून मोकळी झाली. बाई माझ्यापुढे बसून एवढेच म्हणाल्या, "सायेब, माणूस गेलं ते गेलं, कारखान्यातली नोंदबी त्याच्याबरोबर गेली का?"

कारकुनाने जुना क्रमांक टाकताच नोंद दोन मिनिटांत सापडली. नोंद जागच्या जागी होती, तोडणी क्रमही लागलेला होता. मदतनिसाने नवीन क्रमांक टाकून शोधले, काही मिळाले नाही, आणि "काही मिळाले नाही" याचा अर्थ त्याने "नोंद नाही" असा केला. त्याला तसा अर्थ करू नको म्हणून कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझ्याकडे होते. मी लिहिलेले वर्णन पाच शब्दांचे होते : "सभासदाच्या ऊस नोंदीची माहिती देते." चूक माझी, आणि गेला तो त्यांचा ऊस.

आता हे वर्णन म्हणजे काय, ते पाहू.

कारखान्याच्या सर्व नोंदी पूर्वी रजिस्टरात असत. ऊस नोंद रजिस्टर, तोडणी प्रोग्राम, काट्यावरील वजनाच्या पावत्या, बिलाचे पत्रक अशी सगळी बाडे वेगळी. आता त्या कॉम्प्युटरमध्ये तक्त्यांच्या रूपाने असतात. एका ओळीत एक नोंद, आणि उभ्या रकान्यांत क्रमांक, गाव, गट नंबर, लागण तारीख, जात, क्षेत्र वगैरे. अशा तक्त्यांच्या संग्रहाला डेटाबेस म्हणतात. माहिती तक्त्यांत ठेवून तक्ते एकमेकांशी क्रमांकाने जोडावेत, ही कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये पुढे आणली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. त्या भाषेतील एका प्रश्नाला क्वेरी म्हणायचे. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट आहे, पण आजही बँका, रेल्वे आणि आपला वजनकाटा तिच्यावरच चालतात.

आपण फोनवर मराठीत बोलतो, डेटाबेसला क्वेरी लागते. मधला दुवा म्हणजे टूल, आपल्या भाषेत अवजार. प्रोग्रामर एकेक ठरावीक क्वेरी लिहून तिला नाव देतो. मदतनिसाला म्हणजे एआय एजंटला त्या अवजारांची यादी दिली जाते. प्रश्न आला की कोणते अवजार उचलायचे, त्यात कोणती माहिती भरायची, आणि हाती आलेल्या ओळींवरून काय उत्तर द्यायचे हे तो स्वतः ठरवतो. अशी अवजारे कोणत्याही एजंटला एकाच पद्धतीने जोडता यावीत म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा खुला नमुना प्रसिद्ध केला. त्यातही प्रत्येक अवजाराला नाव, वर्णन आणि आत भरावयाच्या माहितीचा तपशील देण्याची सोय आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एजंटला अवजाराच्या आतली क्वेरी दिसत नाही. तक्ते दिसत नाहीत. त्याला दिसते फक्त नाव, वर्णन आणि रकाने. आपण अक्षय तृतीयेला नवीन सालगडी ठेवला तर काय करतो? गडी हुशार आहे, दहा गावी राबलेला आहे, पण आपली जमीन त्याने पाहिलेली नाही. त्याला आपण वस्तीवरच्या खोलीत नेऊन सांगतो, "हा कुळव, पण चोपणाच्या तुकड्यात घालू नको. ही मोटर, पण लाईट आल्यावर लगेच चालू करू नको, आधी व्हॉल्व्ह बघ." नुसते "ही मोटर" एवढेच सांगितले आणि मोटर जळाली, तर गड्याला बोलून उपयोग नाही. मदतनिसाचेही तसेच आहे. फरक एवढाच की सालगडी पंधरा दिवसांत शिकतो. हा मात्र दर वेळी नव्याने आलेल्या गड्यासारखा यादी वाचतो आणि कामाला लागतो. काल काय चुकले ते वर्णनात लिहिले नाही, तर आज तो पुन्हा तेच करील.

रिकाम्या उत्तराचा अर्थ

वरील घटनेनंतर आम्ही ते वर्णन पुन्हा लिहिले. ते आता असे आहे :

"अवजाराचे नाव : ऊस_नोंद_शोधा. काम : एका सभासदाच्या किंवा बिगर सभासद ऊस उत्पादकाच्या, एका गाळप हंगामातील सर्व ऊस नोंदी देते. प्रत्येक प्लॉटची एक ओळ. केव्हा वापरावे : नोंद लागली का, किती क्षेत्र लागले, कोणती जात लागली असे विचारल्यास. केव्हा वापरू नये : तोड कधी येणार असे विचारल्यास. त्यासाठी तोडणी_क्रम_पाहा हे अवजार आहे. हंगाम : गाळपाचा हंगाम द्यावा, लागणीचे वर्ष नव्हे. रिकामे उत्तर आल्यास : नोंद नाही असे सांगू नये. या क्रमांकावर नोंद सापडली नाही असे सांगावे, वारस नोंद किंवा शेअर्स हस्तांतर झाले आहे का ते विचारावे, जुना क्रमांक घेऊन पुन्हा पाहावे, आणि तरीही न मिळाल्यास गट कार्यालयाशी बोलण्यास सांगावे. ऊस इतरत्र घालण्याबाबत कोणताही सल्ला देऊ नये."

सभासदांना वाटेल, एवढ्याशा गोष्टीला एवढे पुराण कशाला? पण यातील प्रत्येक वाक्यामागे कोणाची तरी हेलपाट आहे.

नुसत्या वर्णनाने भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्ही अवजारही दुरुस्त करून घेतले. आता ते वारस हस्तांतराचा तक्ता स्वतःच पाहते व जुन्या क्रमांकावरील नोंद असल्यास ती "पूर्वीच्या क्रमांकावरून" असा शेरा लावून देते. शिवाय काहीच न मिळाल्यास पूर्वी ते कोरे उत्तर देई, आता एक वाक्य देते : "या क्रमांकावर या हंगामात ओळ मिळाली नाही. याचा अर्थ नोंद नाही असा धरू नये." जे काम अवजारातच करता येते ते वर्णनात लिहून मदतनिसाच्या भरवशावर सोडू नये, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. आमचे प्रोग्रामर हे पहिल्यापासून म्हणत होते. मी तेव्हा ऐकले नाही.

१.२० म्हणजे किती?

दुसरा घोटाळा क्षेत्राचा. हा आपल्या घरचाच आहे, त्याला कॉम्प्युटरला दोष देऊ नये.

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आपण बोलतो एकर-गुंठ्यात. नोंद घेणारा ॲग्री असिस्टंट वहीत कधी हे लिहितो, कधी ते. आता वहीत "१.२०" लिहिले असेल तर ते किती? हेक्टर-आर धरले तर १२० आर, म्हणजे जवळजवळ ३ एकर. एकर-गुंठे धरले तर १ एकर २० गुंठे, म्हणजे ६० गुंठे, दीड एकर. आणि कॉम्प्युटरने त्याला साधा दशांश अपूर्णांक समजून एकराला लावला तर १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे. एका प्लॉटचा ऊस ९० टन आला असेल, तर पहिल्या हिशेबाने एकरी सुमारे ३० टन, दुसऱ्याने ६० टन आणि तिसऱ्याने ७५ टन पडतात. एकच ऊस, एकच काटा, आणि तीन उतारे! ऊस पीक स्पर्धेत पहिला नंबर कोणाचा, हे जर मदतनिसाला विचारले आणि हा रकाना कोणत्या मापात आहे हे वर्णनात नसले, तर तो काय सांगेल याचा नेम नाही. आणि जे सांगेल ते अगदी ठामपणे सांगेल, ही खरी अडचण.

हेक्टर-आरमध्ये शंभर आराचा एक हेक्टर होत असल्याने दशांश चिन्ह चालते. एकर-गुंठ्यात चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याने ते चालत नाही. सबब, आम्ही ठरवले की अवजारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक आकड्याच्या रकान्याच्या नावातच माप असावे. "क्षेत्र" असे नाव नको, "क्षेत्र_गुंठे" असे हवे. "वजन" नको, "निव्वळ_वजन_मेट्रिक_टन" हवे. काट्याच्या तक्त्यात भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन रकाने आहेत. मदतनिसाला नुसते "वजन" दिसले तर तो ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट वजन तुम्हाला सांगेल, आणि बिल आल्यावर तुम्ही काटामारी म्हणून ओरडाल. ओरडणे चूकही म्हणता येणार नाही.

दराबाबत तर फारच जपून लिहावे लागते. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. पण "दर किती?" या दोन शब्दांच्या प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. सरकारी एफआरपी किती, आपल्या कारखान्याच्या उताऱ्यानुसार ती किती बसते, तोडणी-वाहतूक वजा जाता किती राहते, आणि पहिली उचल म्हणून खात्यावर किती जमा झाले. अवजार यापैकी कोणता आकडा देते हे वर्णनात पहिल्याच ओळीत हवे. सोसायटीची वसुली व ठेवीची कपात धरून की सोडून, हेही हवे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, म्हणून सभासद ती तारीख मोजत असतो. ती तारीख मदतनिसाने बिल तयार झाल्यापासून मोजली तर भांडण ठरलेले.

आपले शब्द आणि यंत्राचे शब्द

हंगामाचे उदाहरण घ्या. जुलै २०२४ ची आडसाली आणि जानेवारी २०२५ ची सुरू लागण, दोन्ही २०२५-२६ च्या गाळपाला येतात. जुलै २०२५ ची आडसाली मात्र २०२६-२७ ला जाते. "यंदाची लागण" असे सभासद म्हणाला तर त्याच्या मनात लागणीचे वर्ष असते, डेटाबेसच्या मनात गाळपाचे. म्हणून वर्णनात आम्ही ही दोन उदाहरणे जशीच्या तशी लिहून टाकली. नियम सांगण्यापेक्षा एक उदाहरण दिले तर एजंटला लवकर समजते, असा माझा अनुभव आहे. माणसांचाही तोच.

जातींची नावे म्हणजे तर गंमतच. पाडेगावच्या संशोधन केंद्राची फुले २६५ ही जात कोणी "२६५" म्हणतो, कोणी "को.एम. ०२६५". "८६०३२" ला कोणी नुसते "शहाऐंशी" म्हणतो. तक्त्यात मात्र जातीचा एक संकेतांक असतो, समजा ७. पूर्वी अवजार "जात : ७" असे उत्तर देई आणि मदतनीस ते तसेच वाचून दाखवी. सभासद विचारी, "सात नंबरची जात कुठली हो?" आता अवजार जातीचे पूर्ण नाव देते आणि वर्णनात चालणाऱ्या जातींची यादी व त्यांची बोलीतली नावे दिलेली आहेत. यादीबाहेरचे नाव आले तर अंदाजाने जवळची जात धरू नये, परत विचारावे, अशी सूचना आहे. लागण, खोडवा, निडवा यांचेही तसेच.

गावांच्या नावांत बुद्रुक आणि खुर्द असतात, हे विसरू नये.

सारख्या दिसणाऱ्या दोन अवजारांत गडबड होते. तोडणी_क्रम_पाहा हे प्रोग्राममधला क्रम दाखवते. तोडणी_चिठ्ठी_पाहा हे प्रत्यक्ष चिठ्ठी निघाली का, टोळी कोणती ते दाखवते. क्रम लागला म्हणजे टोळी आली असे नव्हे, हे आपण सगळे जाणतो. पावसाने वाफसा नसला, मुकादमाची माणसे कमी पडली की क्रम कागदावर राहतो. मदतनिसाला हे कोण सांगणार? एका सभासदाला त्याने क्रमावरून "उद्या तोड" सांगितले, त्यांनी पाणी तोडले, आणि टोळी आली अकराव्या दिवशी. आता दोन्ही वर्णनांत एकमेकांचा उल्लेख करून फरक लिहिला आहे. तसेच क्रमाची तारीख सांगताना "अंदाजे" हा शब्द अवजार स्वतःच उत्तरात घालून देते.

एका प्लॉटच्या सहा खेपा

कार्यालयातील आम्हा मंडळींसाठी आणखी एक अवजार आहे. त्यात एजंट स्वतः क्वेरी तयार करून चालवतो. "या गटात फुले २६५ चे किती क्षेत्र तुटले?" असले प्रश्न प्रत्येकी वेगळे असतात, त्यासाठी ठरावीक क्वेऱ्या पुरत नाहीत. इथे वर्णन अवजाराचे नव्हे, तक्त्यांचे लिहावे लागते : कोणता तक्ता कशाचा, एक ओळ म्हणजे काय, कोणता रकाना कोणाला जोडायचा.

"एक ओळ म्हणजे काय" हे फार कमी लोक लिहितात, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. नोंदीच्या तक्त्यात एका प्लॉटची एक ओळ. काट्याच्या तक्त्यात एका खेपेची एक ओळ. समजा ४० गुंठ्यांचा प्लॉट आहे आणि त्याचा ऊस सहा खेपांत आला. दोन्ही तक्ते जोडले की प्लॉटची ओळ सहा वेळा येते. मग क्षेत्राची बेरीज केली की ४० गुंठ्यांचे २४० गुंठे होतात. एक एकराचा सहा एकर झाला! टनेज बरोबर असते, क्षेत्र सहापट झालेले असते, आणि एकरी उतारा बसतो. संचालक मंडळापुढे ठेवायच्या एका तक्त्यात मी स्वतः असे फुगलेले क्षेत्र पाहिले. ते पत्रक पुढे गेले नाही, कारण आमच्या एका जुन्या कारकुनाने नुसत्या नजरेने सांगितले, "साहेब, एवढी जमीन त्या गावाला नाहीच." तक्त्यांच्या वर्णनात आता लिहिले आहे : "क्षेत्राची बेरीज फक्त नोंद तक्त्यावर करावी. वजनाची बेरीज प्लॉटनिहाय आधी करून मग जोडावी." असा कारकून प्रत्येक गटात असतोच असे नाही, म्हणून लिहून ठेवणे बरे.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे

आता काही सभासदांनी विचारलेला रास्त प्रश्न : माझे बिल शेजाऱ्याला दिसेल का? लागण तारीख कोणी बदलून क्रम पुढे घेईल का?

अवजाराच्या वर्णनात "इतर सभासदांची माहिती देऊ नये" असे लिहिणे म्हणजे गोठ्याच्या दारावर "आत येऊ नये" अशी पाटी लावण्यासारखे आहे. चांगला माणूस पाटी वाचून थांबेल. कडी लावायची ती वेगळी लावावी लागते. म्हणून सभासद क्रमांक आता बोलण्यातून घेतला जात नाही. तुमच्या नोंदलेल्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीवरून तो ठरतो आणि अवजार त्याच क्रमांकाच्या ओळी देते. वर सांगितलेला जुना क्रमांकसुद्धा हस्तांतराच्या तक्त्यात त्याच सभासदाशी जोडलेला असेल तरच चालतो. तसेच मदतनीस डेटाबेसमध्ये ज्या खात्याने शिरतो, त्या खात्याला फक्त वाचण्याचा अधिकार आहे, लिहिण्याचा नाही. कितीही गोड बोलून किंवा धमकावून सांगितले तरी त्याच्या हातून तारीख बदलणार नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये अवजारावर "फक्त वाचण्यासाठी" अशी खूण करता येते, पण ती खूण म्हणजे इशारा आहे, बंधन नव्हे, हे त्या नमुन्यातही स्पष्ट केलेले आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा सुचली. नोंदीत "शेरा" हा रकाना असतो. त्यात स्लिपबॉय काहीबाही लिहून ठेवतात. एका ठिकाणी शेरा होता, "साहेबांनी सांगितले आहे, हा ऊस आधी उचलणे." एजंट ओळी वाचताना शेराही वाचतो, आणि वाचलेल्या मजकुरालाच हुकूम समजण्याची चूक त्याच्याकडून होऊ शकते. उद्या कोणी मुद्दाम तसा मजकूर भरला तर? म्हणून सभासदांच्या अवजारांतून शेऱ्याचा रकाना काढूनच टाकला. कार्यालयाच्या अवजारात तो ठेवला आहे, पण "शेऱ्यातील मजकूर ही नोंद आहे, आज्ञा नव्हे" अशी ओळ घातली आहे. कोणत्या साहेबांनी सांगितले होते, ते अजून कळलेले नाही.

लांबीबद्दल दोन शब्द. पहिल्या चुकीनंतर मी उत्साहाने एकेका अवजाराचे दोन-दोन पाने वर्णन लिहिले. त्यात गेटकेन म्हणजे काय, तोडणी धोरण कसे ठरते, सगळे आले. त्याने काम बिघडले. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी एजंटपुढे ही सगळी वर्णने असतात. गर्दी झाली की मुद्द्याची ओळ हरवते. सर्वसाधारण सभेचा अहवाल कितीजण शेवटपर्यंत वाचतात? मग अवजाराशी संबंध नसलेले सगळे काढून टाकले.

वर्णन चांगले झाले की नाही हे वाचून कळत नाही, प्रश्न विचारूनच कळते. आम्ही गट कार्यालयांच्या वह्यांतून सभासदांनी खरोखर विचारलेले ४० प्रश्न निवडले, सभासदांच्याच भाषेत. त्यांची बरोबर उत्तरे कारकुनांकडून रजिस्टर पाहून हाताने लिहून घेतली. वर्णनातील एक शब्द बदलला तरी चाळीसच्या चाळीस प्रश्न पुन्हा विचारायचे, असा नियम केला. कारण एक ठिकाण दुरुस्त करताना दुसरे बिघडते, हे पाइपलाइन टाकणाऱ्याला सांगायला नको. कोणत्या प्रश्नाला एजंटने कोणते अवजार उचलले आणि त्यात काय भरले, हेही आम्ही लिहून ठेवतो. उत्तर योगायोगाने बरोबर आले असेल तर तेही तिथे कळते.

या चाळीस प्रश्नांत पहिला प्रश्न त्या भगिनींच्या मुलाचा आहे, त्याच शब्दांत. त्यांच्या घरी मी जाऊन आलो. गेलेल्या उसाची भरपाई माझ्या हातात नव्हती. मागे राहिलेल्या खोडव्याची नोंद तिथेच बसून नवीन क्रमांकावर करून घेतली. मुलाने लगेच फोन काढून मदतनिसाला विचारले, आणि ३० गुंठे म्हणून उत्तर आले. मग तो म्हणाला, "आता पावतीपण द्या." मी पावती दिली. त्याचे बरोबरच होते.

सभासदांना विनंती अशी की मदतनिसाचे उत्तर तोड, नोंद किंवा बिल यांपैकी कशाच्याही बाबतीत मनाला पटले नाही, तर ऊस, पाणी किंवा पैशाचा निर्णय त्यावर घेऊ नये, अगोदर गट कार्यालयाला विचारावे. वारस नोंद, शेअर्स हस्तांतर किंवा मोबाईल क्रमांकातील बदल ज्यांचे राहिले असतील त्यांनी मृत्यू दाखला किंवा संबंधित कागद, आधार कार्ड व सातबारा उतारा घेऊन यावे. नोंदीची पावती पाहून क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आहे की एकर-गुंठ्यात, हे तपासावे व तफावत असल्यास नोंद घेणाऱ्या ॲग्री असिस्टंटकडून दुरुस्त करून घ्यावी. प्रत्येक गट कार्यालयात मदतनिसाच्या चुकीच्या उत्तरांसाठी एक वही ठेवलेली आहे. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आणि उत्तर काय आले, एवढे दोनच रकाने तिच्यात आहेत. लिहिता येत नसेल तर स्लिपबॉयला सांगावे, तो लिहील. ही वही दर सोमवारी माझ्याकडे येते.